बाह्या असलेली गोधडी

मी एक गोधडी. म्हणजे, होणार होते. बातमी आली त्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत जमिनीवर पसरले होते आणि बाबा माझ्यावर पालथे पडून पेपर वाचत होते. दूधवाला येऊन गेला होता, नळ ठिबकत होता. काही घडेल असा तो दिवसच नव्हता. मला तर स्वतःच्या कौतुकापुढे दुसरं काही सुचतच नव्हतं.

कौतुक करण्यासारखं माझ्यात फार नव्हतं, हे आता कबूल करते. आईने माझ्याआधी दोन गोधड्या शिवल्या होत्या. पहिली धुतल्यावर इतकी आटली की ती आज मिक्सरवर झाकण म्हणून आहे. दुसरीत एक सुई राहून गेली होती. ती बाबांना सापडली, बसल्याबरोबर. मी तिसरी. 'ही नीट होणार' असं आईने जाहीर केलं तेव्हा घरातले दोघेही खोकले.

मी ठकीसाठी होते. ठकी म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी. तिला परगावी नोकरी लागली होती आणि महिन्याभरात तिला निघायचं होतं. आईने घरातलं जुनं कापड काढलं. खोलीच्या पडद्यावरचे पक्षी माझ्या मधोमध बसवले, पण उलटे, त्यामुळे ते पोटावर ऊन घेत उडतात. ठकीचा शाळेचा फ्रॉक आला, शाईच्या डागासकट. आणि बाबांच्या चौकटीच्या शर्टाचं उरलेलं कापड आलं. तो शर्टही आईनेच शिवला होता. त्याचा एक खांदा वर गेला होता. कोणी विचारलं तर बाबा म्हणत, "शर्ट सरळ आहे, माझाच खांदा वर आहे."

माझे कोपरे एकमेकांना भेटत नाहीत. तरीही जमिनीवर पसरल्यावर मी मान ताठ करून पडले होते, गोधडीला मान नसते हे विसरून.

वर तुकडे, मध्ये जुनी चादर, खाली अस्तर. हे तीन थर आधी लांब कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचे आणि मग बारीक शिवण घालायची. टाचताना थर सरकतात. त्यासाठी लोक वर डबे ठेवतात, जाड पुस्तकं ठेवतात. आमच्याकडे बाबांना ठेवत.

"अहो, हलू नका."

"श्वास घेऊ का?"

"हळू घ्या."

बाबांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं, त्यामुळे शिवणीवर बोलायचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटे. पेपरातून मान न काढता ते म्हणाले, "असे टाके मी घातले तर गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत पानं गळतील."

"मग जा दुकानात आणि तिथेच झोपा."

"झोपलो असतो. पण तिथे मला वजन म्हणून कोणी किंमत देत नाही."

आई हसली. चष्मा तिच्या कपाळावर होता. ती गप्पांच्या नादात टाके घालत बाबांच्या कडेने पुढे सरकत गेली. नऊ वाजले, बाबा उठले आणि मीही उठले. आयुष्यात पहिल्यांदा मी उभी राहिले होते. बाबांच्या शर्टाची कड पसरली होती, शेजारी त्याच कापडाचे माझे तुकडे होते, आणि आईने दोन्ही एकत्र टाचून टाकले होते.

आई हसत हसत जमिनीवरच बसली. "थांबा, उसवते!"

"उशीर झालाय गं. संध्याकाळी उसव." बाबांनी बटणं काढली, शर्टातून बाहेर आले, दोरीवरचा दुसरा घातला. दारातून वळून म्हणाले, "तोवर माझ्याऐवजी हा झोपेल."

दुपारी फोन आला. शेजारच्या दुकानदाराचा. बाबा खुर्चीत बसले होते, मांडीवर अर्धं बांधलेलं पुस्तक होतं, आणि ते उठले नाहीत. आई सुई माझ्यातच ठेवून घरातल्या चपलांवर निघून गेली.

मग माणसं येऊ लागली. सांगायला लाज वाटते, पण मला वाटलं, मलाच बघायला येताहेत. कोणीतरी बसायला जागा हवी म्हणून घाईने माझी घडी घातली आणि मला कपाटावर ढकललं. शर्ट आतच राहिला.

ठकीने नोकरीची तारीख पुढे ढकलून घेतली. तीन महिन्यांनी तिने मला खाली काढलं आणि झटकलं, तेव्हा एक बाही हवेत उडाली. आईने ती धरून सरळ केली.

"आई, मी उसवते. दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नकोस. ते मला सांगून गेलेत. संध्याकाळी उसव म्हणून."

"कुठल्या संध्याकाळी, आई?"

"बघू."

त्यानंतर आई रोज जेवणानंतर मला घेऊन बसे. चष्मा आता नाकावर असे. तिने उलट्या पक्ष्यांभोवती शिवण घातली, शाईच्या डागावरून घातली, चारी कडा दुमडून पक्क्या केल्या. टाके इतके बारीक की बाबांना नाव ठेवायला काही सापडलं नसतं. शर्टाच्या जागेला मात्र ती वळसा घालून जाई, झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही तशी.

ठकीच्या निघण्याच्या आदल्या दिवशी आईने मला मांडीवर घेतलं. कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. ठकी दारात उभी होती. आईने कात्री बाहेर काढली.

"मला थंडी वाजत नाही गं तशी," ठकी म्हणाली. तिने बाजारातून एक रजई आणली होती. तिचे चारी कोपरे एकमेकांना भेटतात. मी ते पाहिलं आणि मुकाट्याने सोसलं.

सध्या मी आईच्या पलंगावर असते. कॉलर आणि दोन बाह्या असलेली दुसरी गोधडी तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा, मी गर्व सोडून देईन. ठकी दर रविवारी फोन करते आणि शेवटी विचारते, "माझी गोधडी झाली का?" आई म्हणते, "होत आली." घरी कोणी आलं तर एकच विनंती आहे, मदत म्हणून माझी घडी घालू नका. आतल्या शर्टाला चुण्या पडतात.

सतरा टाके आहेत. ते उसवायचे राहिले आहेत.