करवंदवाली मावशी

बदलापूरच्या वाचनालयात स्टेशनच्या इतिहासाचं प्रदर्शन भरायचं होतं. मीनल शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून जुने फोटो गोळा करायचं काम तिच्याकडे आलं. एका जुन्या स्टेशन मास्तरांच्या मुलीने तिला १९७९ सालचा फोटो दिला. फलाटावर काखेत झेंडी धरलेला तरुण पॉइंट्समन, आणि टोपली घेऊन बसलेली एक बाई त्याला करवंदांचा द्रोण देतेय.

तो पॉइंट्समन म्हणजे दौलतराव. आता एकाहत्तर वर्षांचे, बारवी धरणाकडच्या गावात शेती बघत राहणारे. मीनल रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेली, तेव्हा मुरबाडला दिलेली त्यांची मोठी बहीण अंजनीही आलेली होती.

फोटो बघून दौलतराव खुलले. "हा मी. आणि ही आमची करवंदवाली मावशी. अकरा वर्षं रोज भेटायची, करवंदं सरली की जांभळं, बोरं आणायची. माझ्यावर लय जीव तिचा."

"नाव काय होतं काका?"

"सगळे मावशीच म्हणायचे. नाव कुणी विचारलंच नाय."

अंजनीने हात पुढे केला. फोटो उजेडाकडे नेऊन तिने बराच वेळ बघितला. मग बोट ठेवलं. बाईच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती.

"दौलत, ही आय हाय."

"काय बोलतेस अक्का? आय मी तीन वर्षांचा असताना गेली."

"बाबांनी तसं सांगितलं. माहेरी पटकीने मेली म्हणाले, दहावं घातलं. मी अकराची होते. मयत कुणी बघितलं नाय. महिन्याभरात दुसरी आणली. भात कापताना करंगळी गेली तेव्हा चिंधी मी बांधली होती. ही आयच हाय."

दौलतराव खाटेवर बसले. मीनलने पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

"तिला ठावं होतं का रे, तू कोण ते?" अंजनीने विचारलं.

"नोकरीच्या पहिल्या दिवशी तिनेच विचारलं. नाव, गाव, बापाचं नाव." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी सांगितलं. ती टोपली उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी द्रोण वेगळा काढायला लागली."

"आणि आय वारली कधी?"

"शहाऐंशीला. स्टेशनातल्या लोकांनीच उरकलं सगळं. मी लावणीसाठी रजेवर होतो. परत आल्यावर कळलं, तेव्हा वाईट वाटलं, आणि ड्युटीला लागलो."

अंजनी पदर तोंडाशी धरून रडत होती. दौलतराव रडले नाहीत. ते नुसते फोटोकडे बघत राहिले, जणू त्यातल्या तरुणाला ते ओळखत नव्हते.

मीनल हळूच म्हणाली, "काका, हा फोटो प्रदर्शनात नको लावूया."

"लावा मॅडम." त्यांनी फोटो तिच्या हातात दिला. "खाली नाव लिहा. सोनाबाई. अक्का, आयचं माहेरचं आडनाव काय गं?"

अंजनीला ते आठवेना.