मास्तरांची कवळी

आप्पांचं सगळ्याच गोष्टींवर मत असायचं आणि कुणी विचारायची ते वाट बघत नसत. फोन बंद पडेपर्यंत वापरावा, चप्पल मात्र महागातली घ्यावी, आणि नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी चावणं, हे दुकानात येईल त्याला ते ऐकवत. ते कवळ्या बनवत. दवाखान्यातून रुग्णाच्या तोंडाचं माप यायचं. त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी पक्की हिरडी करून ती गुळगुळीत होईपर्यंत घासायची. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते हसायचे, "आमचं भरलं की!"

सून लग्नानंतर त्यांच्याच हाताखाली हे काम शिकली. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. त्यामुळे दुकानात दिवसभर सासरा आणि सून, दोघंच. पुढे तिनं रीतसर कोर्स केला, संगणकावर जबडा रचायला शिकली, आणि तेव्हापासून कवळी कोरणारं मशीन घेऊया म्हणून मागे लागली.

"मशीनला तोंड असतं का?" आप्पा म्हणायचे. "ज्याला तोंड नाही त्याला दातातलं काय कळणार?"

"तुमच्या मेणाच्या सुरीला तरी कुठे तोंड आहे, आप्पा?"

"वाद घालू नकोस. ती दाढ घास."

शहराच्या दुसऱ्या टोकाला कवळ्या बनवणारी एक मोठी लॅब निघाली होती. तिथून तिला बोलावणं आलं. तिनं घरी कुणाला न सांगता परस्पर नकार कळवून टाकला. आप्पांना एकटं सोडून जाणं तिच्या मनाला पटेना.

त्याच सुमारास मास्तरांची कवळी परत आली. मास्तर म्हणजे आप्पांचे तरुणपणापासूनचे मित्र, निवृत्त शिक्षक. कवळी टोचते म्हणाले. आप्पांनी घासून दिली, तर ती पुन्हा परत आली. आता बोलताना खाली पडत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुनेला फोन केला. "आप्पांचं काम असं कधीच नसायचं. काही झालंय का?"

बघते म्हणून तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचं काम करता करता त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांच्या नव्या कवळीच्या मेणात एक दात तिरका बसला होता. आप्पांनी नेहमीसारखा त्यावरून अंगठा फिरवला आणि ते पुढच्या दाताकडे वळले. मग सुरी तापवताना त्यांचं बोट दिव्याच्या ज्योतीला लागलं आणि तिथेच राहिलं.

"आप्पा! हात!"

त्यांनी हात मागे घेतला. चटका बसल्यासारखा झटकन नाही, सावकाश. बोट लाल झालं होतं. "काही नाही," म्हणत त्यांनी हात खिशात घातला. गेले काही महिने ते बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट का घालतात, हे तिला तेव्हा कळलं.

त्यांना तोंडावर हे कसं बोलणार? बँकेत जाऊन येते असं सांगून तिनं मास्तरांचा प्लास्टरचा जबडा पिशवीत घातला आणि मशीन विकणाऱ्याचं ऑफिस गाठलं. गिऱ्हाईक चालून आलेलं पाहून तो खूश झाला. नमुना म्हणून फुकट करून देतो म्हणाला. तिनं पडद्यावर एकेक दात नीट रचला आणि मशीननं गुलाबी ठोकळ्यातून हिरडी कोरून काढली. त्यात दात चिकटवून झालेली कवळी तिनं आप्पांनी केलेल्या कवळीऐवजी त्यांच्याच नेहमीच्या डबीत घालून दवाखान्यात पाठवली.

पुढच्या आठवड्यात मास्तर स्वतःच दुकानात हजर. हातात सफरचंद. बसल्या बसल्या त्यांनी कचकन चावा घेतला. "आप्प्या, लेका, हात अजून शाबूत आहे तुझा!"

आप्पांचा चेहरा उजळला. "आण, बघू."

मास्तरांनी कवळी काढली, नळाखाली धुतली आणि त्यांच्या हातावर ठेवली. आप्पांनी ती उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली. सुनेच्या हातातलं काम थांबलं. ते गप्प राहिले असते तरी चाललं असतं. कौतुक घेऊन मास्तरांना चहा पाजला असता तर कुणाला काय कळणार होतं?

"ही माझी नाही," आप्पा म्हणाले. "हिनं केलीय. मशीनवर."

मास्तर बघतच राहिले. दातांशिवाय त्यांचं तोंड आत गेलं होतं, त्यांना नीट बोलताही येईना.

"माझ्या बोटांना आता काही कळत नाही, मास्तर. बरेच दिवस झाले. तुला उगाच दोनदा त्रास दिला."

मास्तर गेल्यावर ती म्हणाली, "आप्पा, मी तुम्हाला सांगणार होते."

"मीही तुला सांगणार होतो." ते खुर्चीत टेकले. "चांगली झालीय. अगदी माझ्या चांगल्या दिवसांतल्यासारखी. खरं सांगू? त्याहून थोडी जास्तच."

"मग घेऊया ना मशीन. माझी शिल्लक आहे, थोडं कर्ज काढू. तुम्ही इथेच बसा, मला चुका सांगत."

आप्पांनी मान हलवली. "आपल्याकडे काम येतं किती? ते मशीन दुपारपर्यंत सगळं उरकेल आणि मग आपण दोघं त्याच्या तोंडाकडे बघत बसू. तू ते माझ्यासाठी घेतेयस. मला बसायला खुर्ची राहावी म्हणून. एवढी महाग खुर्ची कुणी घेतं का, पोरी?"

तिचे डोळे भरून आले.

"त्या लॅबवाल्यांनी तुला बोलावलं होतं. डॉक्टरीणबाई बोलल्या मला, तुझं नाव त्यांनीच सुचवलं होतं."

"मी नाही म्हणून सांगितलंय."

"मग आता हो म्हण. मशीन त्यांचं, हप्ते त्यांचे, बिघडलं तर डोकेदुखी त्यांची. तू फक्त काम कर."

"नोकरीला तुम्ही काय म्हणता ते पाठ आहे मला."

"बोटं चालत होती तेव्हाचं बोलणं ते," आप्पा म्हणाले.

दुकान आवरायला घेतलं. फळ्यांवर वर्षानुवर्षांचे प्लास्टरचे जबडे होते. आप्पा एकेक उचलून निरखत. "ही गेली." "हा मुलाकडे राहायला गेला." "ही फार हसायची." थोडे ठेवूया का, असं सुनेनं विचारलं. "कशाला? प्लास्टर आहे नुसतं," ते म्हणाले, पण एकही जबडा त्यांनी पोत्यात टाकला नाही, प्रत्येक हलकेच आत ठेवला. शेवटी शटर त्यांनी स्वतः ओढलं. कुलपात किल्ली काही बसेना. दोनदा खाली पडली, तेव्हा त्यांनी ती उचलून सुनेच्या हातात दिली आणि पायरी उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

लॅबमध्ये तिचं बस्तान लवकर बसलं. पडद्यावर येणाऱ्या जबड्यांना तिथे नुसते नंबर असतात. माणूस कोण, हसतो की नाही, ते कळत नाही. पण काम नेटकं होतं, परत फारसं येत नाही. आप्पांना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बोटांत थोडी जान येईलही म्हणाले, पण खात्री दिली नाही.

एका संध्याकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "बरं चाललंय ना तिकडे?"

"पगार वेळेवर होतो."

"ते नाही विचारलं मी."

"काम आवडतं, आप्पा. पण दिवसभर कुणाशी भांडण होत नाही."

आप्पांनी कप दोन्ही हातांनी खाली ठेवला. "होईल सवय," ते म्हणाले. "मलाही होतेय."