चाकावरची कमान

नागायाने निळ्या चिकटपट्टीचं टोक गाडीच्या दाराच्या कडेला अंगठ्याने दाबलं आणि पट्टी मागच्या चाकावरून कमानीसारखी वळवत मागच्या दिव्यापर्यंत नेली. मग चार पावलं मागे जाऊन तो उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून बघत राहिला. काल कमान याच जागी लावली होती. आज सकाळी शटर उघडलं तेव्हा ती करंगळीच्या नखाएवढी खाली आलेली होती.

परवा लावलेल्या पट्टीचंही तसंच झालं होतं.

गाडी त्याच्या बायकोची, फुमिएची. पिवळी, बुटकी, दोनच माणसांची. फुमिएला जाऊन तीन महिने झाले होते. जपानमधल्या गिफू शहराबाहेर, भातशेतांना लागून असलेल्या या शेडमध्ये नागाया चाळीस वर्षं लोकांच्या स्पोर्ट्स गाड्यांना रुंद अंग करून देत आला होता. आधी पट्टीने रेघ, मग रेघेवर मातीचा आकार, त्याचा साचा, साच्यातून फायबरचा भाग. फुमिएने आपल्या गाडीसाठी अकरा वर्षं सांगून पाहिलं. दर वेळी कुणातरी गिऱ्हाइकाची गाडी आधी आत यायची.

शेवटी एकदाच दोघं या गाडीपुढे उभं राहून बोलले होते. कमान फार उंच नको, ती म्हणाली होती, गाडी भांडायला आल्यासारखी दिसते. तुला यातलं काय कळतं, असं तो म्हणाला होता. त्यानंतर तिने विषय काढला नाही.

पट्टीचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त दोन दिवस तो गाडीकडे पाठ करून डबा खात होता.

दुपारी कुमाझाकी पत्रा कापायचं यंत्र घेऊन आला. पत्र्याचं काम करणारा, शाळेपासूनचा दोस्त. रुंद मडगार्ड बसवायचं तर चाकावरचा मूळ पत्रा कापावा लागतो, आणि एकदा कापला की गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून त्याने आधी विचारलं, रेघ पक्की का. तेव्हा नागायाने सगळं सांगून टाकलं.

कुमाझाकीने वाकून नखाने पट्टीची कड उचलून पाहिली आणि तो हसला.

"अरे म्हाताऱ्या, ताणून लावलीस. ताणलेली पट्टी रात्रभरात आखडते आणि कमान खाली बसते. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तूच हे सांगायचास ना?"

"मी ताणत नाही."

"मग काय भूत ताणतं?"

बोलून गेल्यावर कुमाझाकीने टोपी काढली, पुन्हा घातली आणि तो उगीचच यंत्राची वायर सोडवत बसला.

नागायाने पट्टी काढून टाकली. नवी घेतली आणि तो कुमाझाकीसमोर लावायला लागला. दारापासून नीट गेली. चाकाच्या माथ्यावर आल्यावर मात्र हाताने पट्टी ओढली, चांगली बोटभर. हात थांबला. दोघांनीही ते पाहिलं. चाळीस वर्षांत इतक्या गाड्या झाल्या, कुठल्याच गाडीवर या हाताने असं केलं नव्हतं.

कुमाझाकीने या वेळी थट्टा केली नाही. कागदी पट्टी लाव, ती हलत नाही, एवढंच म्हणाला. मग त्याने विचारलं,

"कुठली रेघ धरू, सांग. तू लावतोस ती, की सकाळी असते ती?"

नागाया पुन्हा उकिडवा बसला. मग म्हणाला, आज नको, उद्या ये. तासभर गाडी चालवून आलेला कुमाझाकी वायर गुंडाळायला लागला. निघताना, फायबरची रसायनं पेट घेतात म्हणून अशा शेडमध्ये कुणीही करील तसं, तो उबेसाठी लावलेला रॉकेलचा स्टोव्ह विझवायला वाकला. उबेने तर ताणलेली पट्टी जास्तच आखडते, तो म्हणाला.

"राहू दे," नागाया म्हणाला. "मी बसतोय इथे."

कुमाझाकीने हात मागे घेतला. दारातून त्याने वळून पाहिलं, तेव्हा नागाया दोन्ही हातांनी स्टोव्ह मागच्या चाकाजवळ सरकवत होता.