न दिलेली माती

जळकोटच्या शांतलिंगानं ब्रह्मदेशातून काय आणलं, तर बसणं. दुसरी माणसं रंगूनहून रेशीम आणतात, सागवानी पेट्या आणतात. हा गडी बेचाळीस साली पायांची चाळण करून, फाटक्या धोतरानिशी घरी आला आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे गोठ्यामागं मांडी घालून बसायला लागला. डोळे मिटलेले, तोंडात देवाचं नाव नाही, जपाची माळ नाही. बायको चन्नम्मानं दोन महिने बघितलं, मग म्हणाली, "खुडूक कोंबडीगत बसताव खरं, पण अंडं काय दिसंना."

रंगूनला तो भाताच्या गिरणीत हमाली करायचा. गिरणीमागच्या मठात मोडकं हिंदुस्थानी बोलणारा एक म्हातारा भिक्षू होता, त्यानं हे शिकवलं. श्वास आला की पोट वर, गेला की खाली, तेवढं बघायचं. मग गुडघ्याची कळ, माशी, राग, भीती, जे येईल ते बघायचं. "वाढवू नको, झाकू नको, हाकलू नको," म्हातारा सांगायचा. "आणि स्वतःला शिव्या देत बसू नको. शिव्या देणं म्हणजे बघणं नव्हे." ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा एकदा.

गुडघ्याची कळ शांतलिंगाला बघता यायची. नाकावर माशी चालली तरी तो हलायचा नाही. बायकोचे टोमणे तर तो इतके शांतपणे बघायचा की तिचं डोकं आणखी फिरायचं. पण स्वतःचं पोट वर-खाली होताना कधी कधी त्याच्या जागी दुसरंच पोट दिसायचं, आणि मग तो झटक्यात उठून बैलांना वैरण टाकायला जायचा.

ते पोट आयुबचं होतं. आयुब जळकोटचाच, फकरुद्दीन चाचांचा एकुलता पोरगा, गिरणीतला त्याचा जोडीदार. जपान्यांची विमानं आली तशी दोघं हजारो लोकांबरोबर चालत निघाली. आराकानच्या डोंगरात आयुबला पटकी लागली. दोन दिवस शांतलिंगानं त्याला पाठीवर वाहिलं, खोटं कशाला बोला. तिसऱ्या सकाळी त्यानं त्याला एका झाडाला टेकवलं आणि एकटाच पुढं निघून गेला. आयुबचं पोट तेव्हा वर-खाली होत होतं.

जित्या माणसाला टाकून आलो, असं गावात कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं सांगितलं, आयुब गेला, मी माझ्या हातानं त्याला माती दिली. चाचांनी विचारलं, कशी दिलीस? इथं गडी फसला. त्यानं जन्मात आपल्या लिंगायतांचीच माती बघितलेली, मयताला मांडी घालून खड्ड्यात बसवतात ती. तेच सांगून मोकळा झाला, "खड्डा खणला, नीट बसवलं त्याला, चाचा." चाचांचा चेहरा पडला. मुसलमानात मयताला कुशीवर निजवतात, तोंड काब्याकडं करून. पण म्हातारा एवढंच बोलला, "तुला काय ठावं, बेटा. तू मायेनं केलंस."

तेव्हापासून दर जुम्म्याला नमाज झाली की चाचा हात पसरून पोराच्या त्या बसल्या मातीची माफी मागायचे. जी माती दिलीच नव्हती तिची माफी, तीन वर्षं! शांतलिंगाला हे ठाऊक होतं.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात एका बुधवारी चाचा त्याच्या गोठ्यापाशी आले. सून रजियाबी तीन वर्षं सासऱ्याची भाकरी थापत बसलेली. आता बेंबळीचा मुनवर, बायको वारलेला कमावता माणूस, तिच्याशी निकाहाला तयार झाला होता.

"माझं काय, आज हाय उद्या न्हाय," चाचा म्हणाले. "पोरीचं हुईल. काजीसाब म्हणतेत, आयुब गेल्याचं ज्यानं बघितलं त्यानं म्होरं येऊन सांगावं. परवा जुम्म्याला ये. दोनच शब्द बोलायचेत."

"येतो, चाचा," शांतलिंग म्हणाला. तोंडातून निघूनही गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो बसला. पहिला विचार मोठा गुणी आला. गप बस, पोरीचं भलं होतंय. खरं बोललास तर तिची ना धड सवाष्ण, ना धड विधवा, अशी गत होईल. शांतलिंगानं त्या विचाराकडं बघितलं, रंगूनच्या म्हाताऱ्यानं सांगितलं तसं, न झाकता. त्याच्या खाली रजियाबी कुठंच नव्हती. खाली होती भीती, गाव थुंकेल ही. मग आलं, मी पापी, मी चांडाळ. हे तर रोजचंच. पापी म्हणायचं, दोन आसवं गाळायची, हलकं होऊन उठायचं. तीन वर्षं हाच धंदा. आज त्यानं तेही बघितलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

मग पोट आलं. तो उठला नाही. पोटावरून नजर वर गेली, गळ्यापर्यंत, तोंडापर्यंत. आयुबचे ओठ हलत होते.

भर उन्हात तो चाचांच्या अंगणात गेला. चाचा बाजेवर होते, रजियाबी दाराच्या आत, पडद्याआड. शांतलिंग खालीच बसला.

"चाचा, म्या माती दिली न्हाय. आयुब जिता व्हता. म्या त्याला टाकून आलो."

चाचा बाजेवरून त्याच्याकडं वाकले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे त्याला बसवलं न्हाय?"

"न्हाय."

"अल्ला," म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर घडीभर सुटका दिसली. शिवीच दिली असती तर बरं झालं असतं. मग बाकीचं त्याला कळत गेलं आणि तो बाजेवर आडवा झाला, भिंतीकडं तोंड करून.

"आता निकाह व्हायचा न्हाय," पडद्याआडून रजियाबी म्हणाली. ती विचारत नव्हती.

"न्हाय, भाबी."

"तुमी निघताना काय बोलले ते?"

"पाणी मागितलं."

"तुमच्यापाशी व्हतं?"

न्हवतं, हा शब्द जिभेवर आला. किती सोपा होता. शांतलिंगानं त्याला येताना बघितलं.

"व्हतं. अर्धी बाटली. मला पुरंल का न्हाय, म्हणून दिलं न्हाय."

आत भांड्याचा आवाज झाला. रजियाबी पडदा सारून बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती कधी आली नव्हती. तिनं पाण्यानं भरलेला तांब्या त्याच्यापुढं ठेवला. गावात लिंगायत माणूस मुसलमानाच्या घरचं पाणी पीत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही.

"प्या," ती म्हणाली. "उन्हाचं आलाव."

तो तांब्या रिकामा करीपर्यंत ती तिथून हलली नाही.