वाऱ्यात उभी राहिलेली काडी

मित्रांनो, मी एक जुनी मोरपिसाची काडी आहे. मोरपीस म्हटलं की तुम्हाला देवाचा मुकुट आठवेल. तसलं काही नाही हो! माझी शोभा केव्हाच झडली. उरली ती हलकी, पांढरी दांडी, गळाच्या दोरीला बांधलेली. मी पाण्यावर तरंगते. मासा लागला की डुबकी मारते आणि काठावरच्या माणसाला खबर देते. काम एवढंच, पण माझ्यावाचून गळ आंधळा.

पाली गावच्या उत्तरेश्वरनं मला रानातून उचलून आणलं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग माझ्या टोकाला दिला. काय मिरवले मी! गावाजवळचं धरण भरलेलं असायचं तेव्हा लोक म्हणायचे, "उत्तरेश्वरची काडी बुडाली, चला, चूल पेटवा." मग ऊसतोडीचा हंगाम आला की तो आणि त्याची बायको बायनाबाई कोयते घेऊन कारखान्याकडे जायचे आणि मला वाशात खोचून ठेवायचे. हंगामभर धूळ खात पडायचं. एकदा तर उंदरानं मला कुरतडलं. तळपट होवो मेल्याचं!

मग तो दुष्काळ आला. धरणात मधोमध डबक्याएवढं पाणी राहिलं. मच्छीमार सोसायटीनं सभा घेतली आणि जाळी बंद केली. पुढच्या पावसाला बीज उरावं म्हणून घरटी एकच गळ ठरला, अंड्यांचा मासा लागला तर सोडायचा असं ठरलं, आणि गळालाही शेवटचा दिवस नेमून दिला. त्यानंतर पाण्याला कुणी हात लावायचा नाही.

नेमकी तेव्हाच उत्तरेश्वरची लेक सत्यभामा माहेरी आली होती. पोटुशी होती आणि ऊस तोडून पार वाळून गेली होती. खाल्लेला घास टिकत नव्हता. दुसऱ्या दिवशी सासरचे न्यायला येणार होते. आई विचारून विचारून थकली, तेव्हा कुठं पोर म्हणाली, "आबाच्या गळाचा मासा खावा वाटतोय." डोहाळा तो! पोटुशी लेक माहेरातून तशीच कशी पाठवायची? आणि गळ टाकायचा तो शेवटचाच दिवस होता.

नवराबायको सकाळीच काठावर आले. पण वारा असा सुटला होता की विचारू नका. उत्तरेश्वर मला फेकायचा आणि मी धावत सुटायचे. दोरी पाण्यावर पसरली की वारा तिला झोळीसारखी फुगवायचा. दोरी मला ओढायची आणि मी खालच्या कणकेच्या गोळीला. पळणाऱ्या गोळीला कोणता मासा तोंड लावील?

"आरं उत्तरेश्वर, तुजी काडी मोंढ्याच्या बाजाराला निघाली का?" सोसायटीचा बद्रीनाथ राखणीला बसला होता, तो हसला. मला असा राग आला!

बायनाबाईनं दोरी हातात घेऊन पाहिली. "अवो, ही काडी काय उसाची मोळी हाय का? दोन्ही टोकांनी कशापायी आवळली?"

खरंच की! आयुष्यभर मोळ्या बांधलेला हात तो. मलाही त्यानं वरून-खालून करकचून बांधलं होतं. भरल्या धरणात, शांत पाण्यात ते खपून गेलं होतं.

"लुगडं धुताना बघा. पाण्यावर पसरलं की वाऱ्यानं पळतंय, बुडवलं की जागी ऱ्हातंय. दोरी बुडवा."

तिनं माझी वरची गाठ सोडली, फक्त बुडखा बांधलेला ठेवला. मला दोरीवर जरा वर सरकवलं, म्हणजे दोरीला वजनासाठी बांधलेला लोखंडी नट खाली तळाला टेकेल. उत्तरेश्वरनं गळ लांब फेकला, गळाच्या काठीचं टोक पाण्यात खुपसलं आणि दोरी ओढून बुडवली. आणि मित्रांनो, मी उभी राहिले! लाटा अंगावरून जात होत्या, पण मी जागची हलले नाही.

दुपार कलली आणि मी सपकन खाली गेले. चांगला हातभर रोहू! उत्तरेश्वर आनंदानं ओरडला आणि मग त्यानं माशाचं पोट चाचपलं. ते गाभोळीनं, अंड्यांनी टच्च भरलं होतं.

बद्रीनाथनं तोंड फिरवलं. "मी काय बघितलं न्हाई. पोरीसाठी ने."

उत्तरेश्वरनं बायकोकडं पाहिलं. "आन सोडला तर पोरीला काय देऊ?"

"ती बी पोटुशीच हाय," बायनाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सोडा. अजून उजेड हाय."

त्यानं मासा दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला. मला पुन्हा फेकलं. मी डोळ्यांत तेल घालून उभी होते. ऊन उतरायला लागलं तेव्हा एक चिलापी लागली, तळहाताएवढी. बस, तेवढीच.

घरी तिचं तिखट कालवण झालं. सत्यभामेनं भिऊन भिऊन पहिला घास घेतला. तो टिकला. मग दुसरा घेतला. मग तिनं ताटली पुसून खाल्ली आणि हळूच विचारलं, "माय, अजून हाय का?"

आईबापाच्या वाटणीचा घोटभर रस्सा तेवढा भांड्यात होता. बायनाबाईनं तो सगळा तिच्या ताटलीत ओतला.

"लई हाय," ती म्हणाली. "खा तू."

मी भिंतीला लटकून हे बघत होते. मला फार फार बरं वाटलं. मित्रांनो, या म्हाताऱ्या काडीचं ऐका. पाणी आटलेलं असताना अंड्यांनी भरलेल्या पोटी जे गळाला येईल, ते आल्या वाटेनं जाऊ द्या, आपल्याला भूक असली तरी. आणि घरात कुणी जेवत नसेल तर विचारायचा कंटाळा करू नका. मनातलं सांगायला माणसाला वेळ लागतो.