निळा पट्टा

"हा तुकडा कुठला?" करवतीखालच्या भुग्यातून मी एक लोखंडी चकती उचलली. तिच्या एका बाजूला लाल रंग होता.

लेथ पुसणाऱ्या टर्नरने मान वर केली. त्याला सगळे एक्सप्रेस म्हणत. जेवणही तो उभ्यानेच उरकायचा.

"मागच्या आठवड्यातला असेल. का, ताई?"

"रंगाच्या बाजूने कापलास?"

"घाई होती. तीच बाजू हाताशी आली. लोखंड ते लोखंड."

"आणि उरलेली सळी?"

"ठेवली की मांडणीत. कुठल्या ते आता कोण सांगणार?"

आमच्या कारखान्यात सळ्या ओळखायची खूण एकच, टोकाचा रंग. निळं म्हणजे नरम पोलाद. भार झेपला नाही तर ते आधी वाकतं, माणसाला सावध करतं. लाल म्हणजे कडक. धारेला उत्तम, पण जोराचा झटका बसला तर न सांगता तुटतं. म्हणून सळी नेहमी कोऱ्या टोकाकडून कापायची. रंग गेला की दोघी जुळ्या बहिणी.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, स्टोअरमध्ये तात्पुरती. कायम व्हायला आठ दिवस उरले होते. सकाळी बारा पिनांसाठी दोन सळ्या मीच काढून दिल्या होत्या. एक निळ्या टोकाची. दुसरी आखूड, बिनरंगाची. निळ्यांच्या मांडणीत होती, म्हणून मी ती निळीच धरली. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता बाराही पिना तेल लावून खोक्यात बसल्या होत्या. बांधकामावर माणसांना वर नेणाऱ्या पाळण्याच्या पिना. दुपारी गाडी यायची होती.

चकती खिशात टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. इतक्या वर्षांनी लपवायचं काय, क्षणभर टाकलीही होती. मग ती फोरमनमामांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि सगळं सांगितलं.

"सळी कोणी दिली?"

"मी."

"बघून?"

"जागा बघून. रंग नव्हता."

मामांनी चष्मा काढला. "म्हणजे बाराच्या बारा भंगारात. आणि तुमचं काय करायचं ते साहेबांना विचारतो."

"मामा, एकदा ठिणग्या बघू द्या. माझे वडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. फिरत्या दगडावर धरलं की ठिणग्यांवरून पोलाद ओळखू येतं."

"आता ताई भविष्य सांगणार," एक्सप्रेस म्हणाला.

"तू बोलूच नकोस. तुझाच पराक्रम आहे," मामा म्हणाले आणि खिडकीवर स्वतः पोतं धरून उभे राहिले, अंधार व्हावा म्हणून.

आधी मी दोन्ही रंगांच्या सळ्या दगडाला लावून दाखवल्या. निळीच्या ठिणग्या लांब, सरळ, वाळल्या गवतासारख्या. लालच्या जवळच फुटणाऱ्या, प्रत्येकीला बारीक फुलोरा. मग पिना घेतल्या. नुसतं टोक टेकवायचं. पहिली सरळ. दुसरी सरळ. सातवी दगडाला लागली आणि अंधारात फुलंच फुलं उडाली. नववीलाही तसंच. बाकीच्या साऱ्या सरळ.

एक्सप्रेस हळूच म्हणाला, "दोन पिनांना हत्यार कुरकुरत होतं खरं. मला वाटलं, धार गेली."

मामांनी पोतं खाली ठेवलं. त्या दोन पिना त्यांनी आपल्या खणात टाकून कुलूप लावलं. "दोन नव्या कर. कोऱ्या टोकाकडून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या जरा लवकर या. रंगाचा डबा काढून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मी टोकं रंगवलीच नाहीत. प्रत्येक सळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा ओढला.

"टोकांची लिपस्टिक राहिली, ताई," एक्सप्रेस म्हणाला.

"आता काप कुठूनही."

त्या कारखान्यात मी चौतीस वर्षं काढली. मागच्या महिन्यात नात मला तिथे घेऊन गेली. यंत्रं सगळी नवी, ओळखीचं कुणी नाही. स्टोअरमध्ये एक मुलगी खाली वाकून सळीवर निळा पट्टा ओढत होती.

"नुसतं टोक रंगवलं तर नाही चालत?" मी विचारलं.

"इथे पहिल्यापासून असंच करतात, आजी."

मी मान हलवली. पट्टा मध्येच एके ठिकाणी तुटला होता. मी बोट दाखवणार, तेवढ्यात ती मागे सरकली आणि ब्रश टेकवून तिने तो जोडून घेतला.