अधांतरी योगी

मी जुनी हस्तलिखितं दुरुस्त करते. माझा हात हलका आणि तोंड तिखट, असं आमच्या प्रमुख बाई म्हणतात. त्या दिवशी टेबलावर योगाची एक सचित्र पोथी होती. पानोपानी एक लंगोट लावलेला माणूस, आणि तो चक्क हवेत! योगी म्हटल्यावर तरंगणारच, असं म्हणून मी कामाला लागले. प्रत्येक चित्रात वरपासून खालपर्यंत एक धुरकट काळी रेघ होती. काजळीचा ओघळ, दुसरं काय? मऊ रबराने दोन पानं लख्ख केली.

तिसऱ्या पानावर रबर टेकवणार, तोच शेजारच्या टेबलावरचे लिपी वाचणारे काका चित्राखालची ओळ वाचू लागले, “दोन्ही हातांनी दोरी धरून वर चढावे.”

मी रबर झटकन मागे घेतलं. “कसली दोरी, काका?”

काका रंगात आले. “अगं, सगळ्यात जुन्या ग्रंथांत बसायच्या आसनांपलीकडे फारसं काही नाही. उभी आसनं बरीच नंतरची. पण दोरीवरची आसनं काही आजची नव्हेत, जुन्या पोथ्यांत सापडतात. दंड काढावेत तशी पुन्हा पुन्हा करायची आसनंसुद्धा आहेत!”

स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि नाचावंसंही वाटत होतं. कारण माझी मावशी!

मावशी वीस वर्षं एका सभागृहात दोरीवरचा योग शिकवत होती, तिच्या दिवंगत गुरुबाईंनी शिकवलेला. सभागृहाचे नवे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य. त्यांनी तिला तोंडावर सुनावलं होतं, “ही सर्कस आहे. तुमच्या बाईंनी मनानेच काढलेलं खूळ.” वर्ग बंद करायचा ठराव त्याच संध्याकाळी पाचला होता. वर्ग गेला तर मावशी सोसेल. गुरुबाई खोट्या ठरल्या तर मोडून पडेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पोथी बाहेर नेता येत नाही. पण आमच्याकडे प्रत्येक पानाचे साफसफाईआधी आणि नंतर फोटो काढायचा नियम आहे. मी प्रमुख बाईंपुढे जाऊन सगळं कबूल केलं. त्या इतकं बोलल्या की विचारू नका. शेवटी म्हणाल्या, “ने फोटो. पण तिथेही खरंच सांगायचं.”

मी धावत सुटले. सभागृहात पोचले तेव्हा मतदानाला हात वर व्हायला लागले होते. “थांबा!” मी एवढ्या जोरात ओरडले की सगळे हात झटकन खाली आले. मी फोटो टेबलावर मांडले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “या फोटोत दोरी आहे, त्याच पानाच्या या फोटोत नाही. हा काय चावटपणा? कॉम्प्युटरवर काढली असेल!”

“काढली नाही, पुसली,” मी म्हणाले. माझे कान तापले होते. “मी, माझ्या या हातांनी. मला वाटलं मळ आहे. माझी नोकरी जाईल कदाचित, पण दोरी होती. हा घ्या आमच्या प्रमुख बाईंचा नंबर, विचारा!”

त्यांनी खरंच फोन लावला. पलीकडून बाईंचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू जात होता, आणि त्यात माझं कौतुक अजिबात नव्हतं. अध्यक्षांनी फोन ठेवला आणि ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. मी तर दोन उड्याच मारल्या!

मावशी मात्र पहिल्या फोटोवरून बोट फिरवत बसली होती. “माझ्या बाईंनी मनचं सांगितलं नव्हतं गं,” ती म्हणाली आणि घळाघळा रडली. मग तिने साफ केलेल्या पानाचा फोटो उचलला.

“ही दोरी परत येईल?”

“नाही, मावशी.”

तिने त्या माणसाच्या रिकाम्या मुठींवर बोट टेकवलं. “मग हा बिचारा आता कशाला धरून राहील?”